हे काय रॉकेटला लावायचंय व्हय?

तू विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला, म्हणजे मालाच्या तपासणीला, लागून तुला चार महिने झाले. परवा व्हॉल्व्ह बॉडीच्या लॉटमधले १८ जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले तुकडे, तू बाजूला काढलेस. बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ड्रॉइंगवरच्या वरच्या लिमिटच्या २० मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) बाहेर जात होता. मशीनवरचे मामा म्हणाले, “पोरी, हे काय रॉकेटला लावायचंय व्हय? मागच्या लॉटलाबी असंच गेलंय की.” सगळे हसले, आणि सुपरवायझरनं जॉब परत ट्रॉलीत ठेवायला लावले. आता तू विचारतेस की रॉकेटला लावायच्या जॉबची तपासणी खरंच एवढी कडक असते का, आणि असेल तर त्यात बसलेली माणसं मेली कशी?

मी ३३ वर्षं याच कामात आहे, आधी उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-११ यानातून सॅल्यूत ७ या अवकाशस्थानकावर गेले तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून अवकाश मोहिमांबद्दल मिळेल ते वाचत आलो. नोकरी लागल्यावर मात्र वाचायची दिशा बदलली. लहानपणी अंतराळवीरांची नावं पाठ करायचो, आता अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो. त्यात मला आपलंच शॉप दिसतं.

तर सरळ उत्तर असं. तपासणी कडक असते, तुला वाटते त्याहूनही कडक. आणि ज्या मोठ्या अपघातांचे अहवाल मी वाचले त्यांतल्या बहुतेकांत अडचण आधी मोजलेली होती, कागदावर होती, कधी कधी कुणीतरी जीव तोडून सांगितलेली होती. ती योग्य टेबलापर्यंत गेली नाही, नाहीतर गेल्यावर ‘मागच्या वेळी चाललं होतं’ म्हणून मागं पडली. तुझे मामा जे बोलले ते तिकडंही बोललं गेलंय, आणि त्याची किंमत माणसांनी मोजलीय.

चंद्राकडं निघालेलं अपोलो १३ वाटेत टाकी फुटून बिघडलं, ती गोष्ट लोक सुटकेची म्हणून सांगतात. मुख्य यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे चंद्रावर उतरायच्या यानाच्या गोल जागेत बसवायला प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकांची कव्हरं आणि चिकटपट्टी कशी वापरली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते थोर काम आहेच. पण मला त्याआधीचा भाग जास्त जवळचा वाटतो. तो जमिनीवर, शॉपमध्ये घडलाय.

फुटलेली ती द्रव ऑक्सिजनची टाकी बीच एअरक्राफ्टनं बनवली होती, त्यांना काम देणारी कंपनी नॉर्थ अमेरिकन. टाकीत हीटर होता आणि तापमान २७ अंशांच्या आसपास गेलं की हीटर बंद करणारे थर्मोस्टॅट स्विच होते. मूळ स्पेसिफिकेशन २८ व्होल्टचं. १९६५ मध्ये ते बदललं. उड्डाणाआधी जमिनीवर टाकीतला दाब लवकर चढावा म्हणून ६५ व्होल्टचा पुरवठा ठरला. हीटर त्याप्रमाणं झाला, स्विच मात्र २८ व्होल्टचेच राहिले. टाकी बनवणाऱ्यांच्या, काम देणाऱ्यांच्या किंवा नासाच्या तपासणीत, कुठंच ते उठलं नाही. आणि आता मामांचं वाक्य आठव. तसेच स्विच आधीच्या अपोलो मोहिमांतही होते आणि काही झालं नव्हतं, कारण त्या टाक्या थंडच राहिल्या. ६५ व्होल्टखाली स्विच उघडायची वेळच कधी आली नव्हती.

ती वेळ मार्च १९७० मध्ये आली. याच टाकीचा शेल्फ १९६८ मध्ये दुसऱ्या यानातून काढताना सुमारे ५ सेंटिमीटर उंचीवरून आपटला होता. वरून काही दिसलं नाही, पण आतली भरायची-रिकामी करायची नळी ढिली झाली असावी. उड्डाणाआधीच्या चाचणीनंतर टाकी नेहमीच्या पद्धतीनं रिकामी होईना. तेव्हा हीटर लावून ऑक्सिजन उकळून बाहेर काढायचं ठरलं. आठ तास हीटर चालू राहिला. तापमान चढल्यावर स्विचनं उघडायला बघितलं आणि ६५ व्होल्टच्या ठिणगीनं त्याचे कॉन्टॅक्ट तिथंच वितळून चिकटले. आपल्याकडं कमी अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) मोठ्या मोटरला लावला की चिकटतो, अगदी तसंच.

पॅनेलसमोर माणूस बसलेला होता, तो झोपला नव्हता. पण त्याच्या मीटरचा काटा ३० अंशांच्या आतच थांबायचा, त्यापुढं दाखवायची सोयच नव्हती. त्याला तापमान मर्यादेत दिसत होतं. आत हीटरच्या नळीपाशी ते ५०० अंशांच्या वर गेलं असावं असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. पंख्याच्या तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण जळून गेलं. तशीच टाकी ११ एप्रिलला उडाली. १३ एप्रिलला पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरच्या पुढं यानातल्या स्विगर्टनं टाकीतले पंखे फिरवायचं बटण दाबलं, ठिणगी पडली आणि टाकी फुटली.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण माझ्याकडून हेच झालं होतं. १९९८ ची गोष्ट. एका पंपाच्या कव्हरवर दोन डॉवेल होल, म्हणजे पिन बसायची भोकं, होते. ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनमध्ये (सुधारित आवृत्तीत) कस्टमरनं त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं वाढवलं. ड्रॉइंग ऑफिसात आलं, शिक्का बसला, फाइलला लागलं. मशीनवर मात्र जुनीच प्रिंट टांगलेली, कोपऱ्यावर तेलाचे डाग पडलेली. माझ्या हातातला पिन गेजही (भोकांचं अंतर तपासायचं साधन) जुन्या रिव्हिजनचा. ४०० कव्हरं मी स्वतः पास केली. गेजवर एकही अडकलं नाही आणि कस्टमरच्या लाइनवर एकही बसलं नाही. रात्री टेम्पो परत आला तेव्हा मी गेटवर उभा होतो. माल उतरवणाऱ्या पोरांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, कारण त्या लॉटसाठी त्यांनी दोन रविवार ओव्हरटाइम केला होता. मी आळस केला नव्हता, चारशेही कव्हरं एकेक करून हातात घेतली होती. पण गेज कुठल्या रिव्हिजनचा आहे ते एकदाही बघितलं नाही. तेव्हापासून शिफ्ट सुरू झाली की मी आधी गेजवरचा नंबर आणि ड्रॉइंगवरची रिव्हिजन शेजारी ठेवून वाचतो. तूही हे उद्यापासून कर. आणि कुठल्याही मीटरचा काटा शेवटच्या आकड्याला टेकलेला दिसला तर तो आकडा लिहून घेऊ नकोस, मोठ्या रेंजचा मीटर माग.

चॅलेंजर या अमेरिकी स्पेस शटलचं प्रकरण याहून कठीण आहे, कारण तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं.

शटलचे घन इंधनाचे बूस्टर तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले असायचे. प्रत्येक सांध्यात व्हायटन या रबराच्या दोन ओ-रिंग (फट बंद करणाऱ्या गोल कड्या), जाडी सुमारे ७ मिलिमीटर आणि घेर एवढा मोठा की व्यास ३.७ मीटर. पेटल्यावर आतल्या दाबानं सांधा किंचित उघडतो. सेकंदाच्या काही अंशात रिंगनं फुगून ती फट धरायची असते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर, रिंग गरम वायूनं खाल्लेली सापडली. ड्रॉइंगप्रमाणं रिंगला वायू लागताच कामा नये. पण यान सुखरूप परत आलं होतं. पुढं पुन्हा सापडली, पुन्हा यान सुखरूप. हळूहळू ‘किती खाल्लेली चालेल’ याचा हिशोब सुरू झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर एका जॉबचं डेव्हिएशन (मापाबाहेर असूनही दिलेली सवलत) सगळ्या लॉटचं स्टँडर्ड झालं. जानेवारी १९८५ मध्ये, तोवरच्या सगळ्यात थंड उड्डाणात, पहिल्या रिंगच्या पलीकडं काळीकुट्ट काजळी गेलेली दिसली. बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीतल्या रॉजर बॉइजोली या इंजिनिअरनं त्याच वर्षी जुलैमध्ये वरिष्ठांना लेखी कळवलं की हे सोडवलं नाही तर माणसं मरतील.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी उड्डाण, फ्लोरिडात कडाक्याची थंडी. युटामधून थायोकोलच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं की १२ अंशांच्या खाली उडवू नका. नासाच्या माणसांना ते पटलं नाही. थायोकोलनं थोडा वेळ मागून घेतला आणि आपापसात बसले. बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन उठून वरिष्ठांच्या टेबलापाशी गेले. थॉम्पसननं सांध्याचं चित्र काढून दाखवलं, बॉइजोलीनं काजळीचे फोटो पुढं केले. टेबलाकडून उत्तर आलं नाही. इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. नकार होता त्याचा होकार झाला. फ्लोरिडात हजर असलेल्या थायोकोलच्याच अ‍ॅलन मॅकडोनाल्डनं सही करायला नकार दिला, म्हणून सहीचा कागद युटामधून फॅक्सनं आला. सकाळी उड्डाणाच्या वेळी हवा २ अंशांच्या आसपास होती. ७३ सेकंदांनी सात माणसं गेली. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती.

बॉइजोलीनं नंतर सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरत नाही. उडवायचं असेल तर ते सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागतं, हा रोजचा नियम होता. त्या रात्री तो उलटा झाला. ‘हे फेल होईल हे तुम्ही सिद्ध करा’ असं इंजिनिअरांना सांगितलं गेलं, आणि त्यांच्याकडं तेवढे आकडे नव्हते. सुपरवायझर तुला विचारतील, “२० मायक्रॉननं काय होतंय, दाखव की!” तेव्हा ही रात्र आठव. ड्रॉइंगच्या बाहेरचा जॉब चालेल हे दाखवायची जबाबदारी तो पाठवणाऱ्यावर असते. ती तू अंगावर घेऊ नकोस.

फेब्रुवारीत चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगच्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि क्लॅम्प काढून दाखवलं की रबर लगेच फुगून येत नाही. मी हे आमच्या शॉपमध्ये करून बघितलंय. उद्यमनगरातल्या हायड्रॉलिकच्या दुकानातून व्हायटनची एक जाड ओ-रिंग आणली. नायट्राइल या दुसऱ्या रबराची नको, तिच्यावर एवढ्या थंडीचा फारसा परिणाम होत नाही. शेजारच्या रसवंतीतून बर्फ घेतला. रिंग सी-क्लॅम्पमध्ये चपटी केली, स्टीलच्या डब्यात बर्फाच्या पाण्यात पाव तास ठेवली, बाहेर काढून क्लॅम्प सोडला. चपटा भाग तसाच. मग डोळ्यांना दिसेल इतक्या सावकाश तो वर येऊ लागला, दमलेला माणूस उठावा तसा. नुसत्या खोलीतल्या हवेत हीच रिंग क्लॅम्प सोडताच टुणकन गोल होते. भोवती पाच-सहा जण उभे होते. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी एक हेल्पर म्हणाला, “एवढ्यासाठी सात जण?”

कोलंबिया या दुसऱ्या शटलबद्दल फार लिहीत नाही, कल्पना चावलांमुळं ते तुला माहीत असेल. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास इंधन टाकीवरच्या फोमचा, पाऊण किलोच्या आसपास वजनाचा, तुकडा डाव्या पंखाला लागला. फोम आधीच्या उड्डाणांतही पडायचा, म्हणून तो दुरुस्तीचा विषय समजला जायचा. पंखाचे अवकाशातून फोटो मागवा असं इंजिनिअरांनी सुचवलं, ते मागवले गेले नाहीत. १ फेब्रुवारी २००३ ला यान परतताना तुटलं. १७ वर्षांनी तेच. या एका गोष्टीनं मला आजही राग येतो.

रशियनांचं दुःख वेगळं आहे. सोयुझ ११ चे डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह सॅल्यूत १ वर तीन आठवड्यांहून जास्त राहून ३० जून १९७१ ला परतत होते. जमिनीजवळ आल्यावर बाहेरची हवा आत घ्यायचा एक व्हॉल्व्ह यानाचे भाग सुटतानाच्या झटक्यानं १६८ किलोमीटर उंचीवर उघडला. तो हातानं बंद करता यायचा, पण बंद करायला लागणारा वेळ शुद्ध राहायच्या वेळेपेक्षा जास्त होता. जागा कमी म्हणून तिघांनाही प्रेशर सूट दिलेले नव्हते. यान अगदी व्यवस्थित उतरलं, दार उघडणाऱ्यांना तिघं आपापल्या जागी मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षं सोयुझमध्ये दोघंच बसायचे, सूट घालून. तू व्हॉल्व्ह बॉडी तपासतेस म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य, की आपलं काम ‘नुसतं मोजायचं’ आहे. चंद्रावर उतरलेल्या यानाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बायकांनी हातानं विणला होता, हे तुला माहीत आहे का? मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑनच्या कारखान्यात. छोट्या चुंबकीय कड्यांच्या रांगा, आणि त्यांतून सुईनं ओवायची तार. तार कडीच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. एक तार चुकली तर प्रोग्रॅम चुकला. इचलकरंजीतल्या मागावर ताणा भरणाऱ्या कुणाही बाईला हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील. चंद्रावरचे सूट शिवणाऱ्या बायकांची टाक्याची मर्यादा इंचाचा अगदी लहान अंश एवढीच होती, आणि कापडात टाचणी राहू नये म्हणून एक्स-रे काढायचे.

अपोलो १२ ची गोष्ट तर तुझ्यासारख्या मोजणाऱ्यांचीच. १४ नोव्हेंबर १९६९, उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी यानावर वीज पडली, मग पुन्हा एकदा. ह्यूस्टनमधल्या नियंत्रण कक्षात स्क्रीनवरचे आकडे निरर्थक झाले. मोहीम सोडून द्यायची वेळ आली होती. जॉन एरन नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा तिथं बसला होता. त्याला ते निरर्थक आकडे ओळखीचे वाटले. सुमारे वर्षभरापूर्वी जमिनीवरच्या एका चाचणीत असेच आकडे आले होते. त्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं, पण त्यानं स्वतःच्या समाधानासाठी शोधून काढलं होतं. त्यानं एक स्विच दुसऱ्या जागी टाकायला सांगितलं. तो स्विच फ्लाइट डायरेक्टरलाही ठाऊक नव्हता. यानात अ‍ॅलन बीनला तो कुठं आहे ते माहीत होतं. आकडे परत आले, आणि पाच दिवसांनी दोघं चंद्रावर उतरले. म्हणून म्हणतो, रिपोर्टचा फॉर्म भरतेसच, पण एक साधी वही ठेव. विचित्र रीडिंग आलं की तारीख, मशीन आणि हीट नंबर (धातू कुठल्या ओतीचा त्याचा नंबर) लिहून ठेव, मग जॉब पास असला तरी.

आणि वेळेवर थांबवलं गेलं त्याच्या बातम्या लहान असतात, त्याही वाच. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गगनयानाचं पहिलं चाचणी उड्डाण, माणसाशिवायचं. कॉम्प्युटरनं ५ सेकंद आधी उड्डाण रोखलं. देखरेखीच्या यंत्रणेतली गडबड शोधली, दुरुस्त केली आणि दहा वाजता उडवलं. शुभांशू शुक्ला ११ जून २०२५ ला जायचे होते. रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडल्यानं उड्डाण थांबलं, ते २५ जूनला गेले आणि १५ जुलैला सुखरूप परतले. तेव्हा आपल्याकडं टीव्हीवर लोक वैतागले होते, किती वेळा पुढं ढकलताय म्हणून. मी मात्र उड्डाण थांबलं त्या दिवशी घरी पेढे नेले होते.

तुझ्या १८ जॉबचं काय करायचं ते सांगतो. मामांशी भांडू नकोस. त्यांचा कान मशीनचा आवाज तुझ्या गेजच्या आधी ओळखतो. त्यांना विचार की बोअर मोठा का जातोय, इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) कुणी दिला. ‘मागच्या लॉटलाबी असंच गेलंय’ ही तर मोठी माहिती आहे, ती हसण्यावारी सोडू नकोस. मागच्या लॉटचा रिपोर्ट काढ. त्यात बोअर लिमिटमध्ये लिहिलेला असेल आणि प्रत्यक्षात बाहेर असेल, तर प्रश्न १८ जॉबच्या पुढचा आहे. जॉबना लाल टॅग लाव, त्यावर मोजलेला आकडा, गेज नंबर आणि ड्रॉइंगची रिव्हिजन लिही. वरच्यांना पाठवायचेच असतील तर कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन मागवावं आणि सही त्यांनी करावी. तुझी सही त्या जागी नको.

आणखी एक, तू पत्रात लिहिलेलं नाहीस. त्या बोअरमध्ये बसतं काय? स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) बसत असेल तर २० मायक्रॉननं आतली गळती वाढेल, ओ-रिंग बसत असेल तर हिशोब वेगळा. असेंब्ली ड्रॉइंग माग, क्लिअरन्स (दोन भागांतली फट) काढ आणि मला आकडा कळव. ओ-रिंग असली तर तिचं मटेरिअलही लिही.